स्टेपनीची मुले आणि त्यांच्या कविता

मे १९७१ मध्ये पूर्व लंडनमधील स्टेपनी या भागात एका माध्यमिक शाळेचे सुमारे आठशे विद्यार्थी भर पावसात शाळेबाहेर उभे राहिले आणि त्यांनी वर्गात जायला नकार दिला. त्यांची मागणी एकच होती. इंग्रजी शिकवणारे ख्रिस सर्ल हे तरुण शिक्षक बडतर्फ झाले होते, त्यांना परत घ्यावे. सर्ल यांच्यावर मुलांना मारल्याचा, कामचुकारपणाचा किंवा पैशाच्या अफरातफरीचा आरोप नव्हता. त्यांनी आपल्या वर्गातल्या मुलामुलींच्या कविता एकत्र करून ‘स्टेपनी वर्ड्‌स’ नावाचे एक छोटे पुस्तक काढले होते, आणि ते काढू नये असे शाळेच्या व्यवस्थापन समितीने त्यांना आधीच बजावले होते.

कवितांच्या पुस्तकावरून शिक्षकाची नोकरी जावी आणि त्या शिक्षकासाठी शाळकरी मुलांनी संप करावा, ही घटना विलक्षण आहे. मात्र तिचा विचार करावासा वाटला त्याचे कारण वेगळे आहे. शालेय इंग्रजीच्या अध्यापनात मानवी मूल्यांना आणि सर्जनशीलतेला स्थान असावे, याविषयी इंग्लंडमध्ये गेली शंभर वर्षे जवळपास एकमत आहे. १९२१ चा सरकारी अहवाल ते सांगतो, १९७५ चा अहवाल सांगतो आणि आजचा अभ्यासक्रमही आपल्या परीने तेच सांगतो. वाद आहे तो दोन गोष्टींविषयी: या मूल्यांच्या कक्षेत पूर्ण माणूस म्हणून कोणाला धरायचे, आणि मुलाने स्वतः रचलेले वाक्य वाचण्याजोगे मानायचे की नुसते तपासण्याजोगे. एरवी हा वाद अहवालांच्या सौम्य भाषेत झाकलेला राहतो. स्टेपनीत तो उघड्यावर आला.

शाळा, वस्ती आणि शिक्षक

स्टेपनी हा टेम्स नदीच्या उत्तरेचा, लंडनच्या जुन्या गोद्यांना लागून असलेला कामगारांचा भाग. फ्रान्समधून पळून आलेले प्रॉटेस्टंट विणकर, आयरिश मजूर, रशियन साम्राज्यातील छळाला कंटाळून आलेले ज्यू आणि पुढे सिल्हेटहून आलेले बंगाली अशा लोकांच्या एकामागून एक लाटा याच टापूत येऊन स्थिरावल्या. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनी हा भाग उद्ध्वस्त केला होता, आणि पंचवीस वर्षांनंतरही पडक्या जागा आणि दाटीवाटीची जुनी घरे उभी होती. सेंट कॅथरीन गोदी १९६८ मध्ये आणि तिच्या शेजारची लंडन गोदी १९६९ मध्ये बंद झाली. बापाच्या मागोमाग मुलाने गोदीत कामाला लागायचे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता त्याबरोबर बंद होत चालला. शाळा सोडण्याचे किमान वय त्या वेळी पंधरा होते, ते सोळा झाले सप्टेंबर १९७२ मध्ये. म्हणजे सर्ल यांच्यासमोर बसलेल्या मोठ्या मुलांपैकी अनेकांसाठी इंग्रजीचा तास हा आयुष्यातला भाषेचा शेवटचा शालेय तास ठरणार होता.

सर जॉन कॅस फाउंडेशन अँड रेड कोट स्कूल हे शाळेचे तेव्हाचे नाव. ती इंग्लंडच्या चर्चशी जोडलेली अनुदानित शाळा होती. खर्च मुख्यतः सार्वजनिक पैशातून होई, पण शिक्षक नेमण्याचा व काढून टाकण्याचा अधिकार व्यवस्थापन समितीकडे असे. महाराष्ट्रातील खासगी अनुदानित शाळा ज्यांनी आतून पाहिल्या आहेत, त्यांना ही रचना लगेच ओळखू येईल. पगार एकाकडून, हुकूम दुसऱ्याचा, आणि या दोघांमध्ये उभा असलेला शिक्षक.

सर्ल या शाळेत येण्यापूर्वी कॅरिबियनमधील टोबॅगो बेटावर शिकवून आले होते. गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा काळ्या मुलांना त्यांच्या स्वतःविषयी काय शिकवते, हा प्रश्न त्यांनी तिथून सोबत आणला होता, आणि त्यावर त्यांचे एक पुस्तक १९७२ मध्ये आलेही. दुसरी गोष्ट त्यांच्याजवळ होती ती आयझॅक रोझेनबर्ग या कवीविषयीचे प्रेम. लिथुआनियाहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात जन्मलेला रोझेनबर्ग लहानपणीच स्टेपनीत आला, चौदाव्या वर्षी शाळा सोडून छपाईचे ठसे कोरणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लागला आणि १ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. आज तो पहिल्या महायुद्धाच्या थोर इंग्रजी कवींत गणला जातो. स्टेपनीच्या रस्त्यांवर वाढलेल्या मुलाला इंग्रजी कविता लिहिता येते, हे सर्ल यांना तत्त्व म्हणून मांडायची गरज नव्हती. तो मुलगा होऊन गेलेला होता.

त्यांची पद्धत साधी होती. मुलांना घेऊन ते वस्तीत हिंडले. रॉन मॅककॉर्मिक यांनी काढलेली या भागातील छायाचित्रे त्यांनी वर्गात दाखवली. मग आपण जिथे राहतो त्याविषयी लिहा, असे सांगितले. मुलांनी लिहिले ते धुराबद्दल, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांबद्दल, पुढच्या कामधंद्याबद्दल, आणि स्वतःबद्दल.

नकार

जमलेल्या कवितांचे पुस्तक काढण्याचा प्रस्ताव सर्ल यांनी शाळेपुढे ठेवला. समितीने नकार दिला. कविता फार उदास आहेत, मुलांच्या आयुष्याची आणि परिसराची काळी बाजूच त्यांतून दिसते, असा आक्षेप होता. सर्ल यांनी नंतर सांगितलेली एक आठवण या प्रकरणाचे मर्म ठरावी अशी आहे. समितीवरील एका धर्मगुरूंनी त्यांना विचारले की ही पतित मुले आहेत हे आपल्या लक्षात येत नाही का. त्याच कविता स्टेपनीचे बिशप ट्रेव्हर हडलस्टन यांनी वाचल्या आणि ही देवाची लेकरे आहेत असे उद्गार काढले. हडलस्टन हे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध झुंजलेले धर्मोपदेशक. एकच चर्च, एकच पुस्तक, आणि मुलांकडे पाहण्याच्या दोन इतक्या वेगळ्या नजरा. धर्म विरुद्ध मानवतावाद अशी सोपी विभागणी करून या प्रकरणाकडे पाहणाऱ्याने हा प्रसंग नीट तपासावा, कारण येथे मानवतेची बाजू सर्वांत ठामपणे बोलून दाखवली ती एका बिशपने.

सर्ल यांनी वर्गणी जमवली आणि मार्च १९७१ मध्ये पुस्तक शाळेबाहेर छापले. समितीने त्यांना काढून टाकले. मुलांचा संप त्यानंतरचा. दुसऱ्या दिवशी मुले मोर्चा घेऊन ट्राफल्गार चौकापर्यंत गेली.

एका कवितेपाशी थांबून

समितीचा आक्षेप खरा होता की खोटा, हे कविता वाचल्याखेरीज ठरत नाही. त्या पुस्तकात अकरा वर्षांच्या एका मुलीची छोटी कविता आहे. तिची बांधणी अशी: एका ओळीत स्टेपनीतली एक उणीव सांगायची, आणि पुढच्या ओळीत ‘पण मला ते आवडते’ एवढेच म्हणायचे. येथे धूर फार आहे, पण मला आवडते. माणसे चुकीचे वागतात, पण ती मला आवडतात. गावाकडच्यासारखी स्वच्छ हवा नाही, इमारती जुन्या आणि थंडगार आहेत, उन्हाळाही फारसा तापत नाही, आणि दर वेळी तेच पालुपद परत येते.

उदास म्हणण्याजोगी सामग्री येथे आहेच. धूर, थंड घरे, वाईट वागणारे लोक, यांपैकी काहीही या मुलीने लपवलेले नाही. पण तिने त्या सामग्रीचे काय केले आहे ते पाहावे. नुसते प्रेम सांगितले असते तर ते शाळेतल्या ‘माझे गाव’ छापाच्या निबंधासारखे गुळगुळीत झाले असते, आणि नुसत्या उणिवा मोजल्या असत्या तर ती पाहणी झाली असती. दोन्ही एकमेकांसमोर ठेवून, त्यांचा निकाल न लावता, ती पुढच्या जोडीकडे जाते. पालुपदाचे शब्द जवळजवळ तेच राहतात, तरी प्रत्येक पुनरावृत्तीला त्यांचे वजन वाढत जाते, कारण दर वेळी त्यांच्यावर आणखी एक ओझे पडलेले असते. घरातल्या माणसाचे दोष आपण बोलतो तेव्हा मराठीतही हीच लय येते: चिडका आहे, पण आपला आहे. हे वळण बोलण्यातले आहे. मुलीने ते बोलण्यातूनच उचलले असणार, आणि शिक्षकाने ते पुसले नाही.

‘पण’ या शब्दाने वाक्य सुरू करू नये, असा नियम इंग्रजीच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला आहे. तो नियम लावला तर या कवितेची प्रत्येक दुसरी ओळ लाल शाईखाली जाते आणि कविता उरत नाही. मला या प्रकरणातले सर्ल यांचे सर्वांत मोठे काम हेच वाटते. पुस्तक छापण्याच्या धाडसाआधी त्यांनी लाल शाई खाली ठेवण्याचा निर्णय घेतला होता, आणि तो निर्णय कोणत्याही समितीला दिसला नसता.

आक्षेपांचा विचार

तरीही समितीची बाजू एका फटकाऱ्यात उडवून लावणे योग्य होणार नाही. मुलांचे लेखन वर्गाच्या भिंतीबाहेर नेताना शिक्षकाने कोणाची परवानगी घ्यावी, हा खरा प्रश्न आहे. मूल जे लिहिते त्यात घर येते, बाप येतो, शेजारी येतात, आणि एवढ्याशा वस्तीत ते सगळे ओळखू येतात. आज कोणताही जबाबदार शिक्षक पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे असे लेखन प्रसिद्ध करणार नाही. दुसरा प्रश्न अध्यापनाचाच आहे. मुलांना आधी पडक्या गल्ल्यांची छायाचित्रे दाखवली तर त्यांचे लेखन त्या छायाचित्रांच्या मनःस्थितीकडे झुकेल, ही शंका रास्त आहे. शिक्षकाने दिलेला विषय कधीच कोरा नसतो. डोंगरावरची पहाट हा विषय देणारा शिक्षकही मुलांच्या मनात काय आणावे हे आधीच ठरवून बसलेला असतो, फक्त त्याच्यावर कोणी आक्षेप घेत नाही.

परंतु समितीने हे प्रश्न लावून धरले नाहीत. तिचा आक्षेप उदासपणावर होता, आणि त्याच्या मुळाशी इंग्रजी अध्यापनातला एक जुना, प्रतिष्ठित विचार होता.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, कवी हेन्री न्यूबोल्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने इंग्लंडमधील इंग्रजीच्या अध्यापनावर अहवाल दिला. आजही तो वाचताना मन भरून येते, असे त्यात बरेच आहे. इंग्रजी हा इतर विषयांसारखा एक विषय नसून सर्व शिक्षणाचा पाया आहे, साहित्य ही मूठभरांची चैन नसून प्रत्येक मुलाचा हक्क आहे, आणि एकच भाषा व एकच साहित्य वाटून घेतल्याने वर्गावर्गांमधील दरी बुजू शकेल, अशी त्याची श्रद्धा होती. शाळा तपासनीस म्हणून पस्तीस वर्षे काम केलेल्या मॅथ्यू अर्नल्ड यांची, जगात जे सर्वोत्तम विचारात आणि बोलण्यात आले ते सर्वांपर्यंत नेण्याची कल्पना त्यामागे उभी होती. समितीचे एक सदस्य जॉर्ज सॅम्पसन यांनी त्याच वर्षी लिहिले की प्रत्येक शिक्षक हा इंग्रजीचा शिक्षक असतो, कारण तो इंग्रजीतून शिकवतो. हे सर्व प्रामाणिक होते.

त्याच अहवालात असेही म्हटले आहे की प्राथमिक शाळांतील शिक्षकांना घरात आणि रस्त्यावर जडलेल्या बोलण्याच्या वाईट सवयींशी झगडावे लागते. अहवालाच्या उदारतेला ही मर्यादा होती. साहित्य मुलाला द्यायचे, आणि त्याबरोबर त्याची भाषा काढून घ्यायची. मूल्ये वरून खाली वाहणार. मुलाकडे आधीपासून काही असेल अशी कल्पनाच नव्हती. १९७१ मधील समितीला कदाचित हा अहवाल माहीतही नसेल, परंतु ती त्याच मनोभूमीवर उभी होती. सुंदर शब्द मुलांपर्यंत पोहोचवणे हे शाळेचे काम. मुलांचे शब्द जगापर्यंत पोहोचवणे हे काम असू शकते, हे तिला मान्य नव्हते.

दरम्यानच्या काळात शिक्षकांमध्ये मात्र दुसरा प्रवाह बळावला होता. लंडनच्या इंग्रजी शिक्षकांची संघटना १९४७ मध्ये स्थापन झाली होती. डेव्हिड होलब्रुक यांनी १९६४ मध्ये, शाळेने नाकारलेल्या मुलांच्या लेखनावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. १९६६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात ब्रिटिश व अमेरिकन अभ्यासकांची मोठी बैठक झाली, आणि पुढच्या वर्षी जॉन डिक्सन यांनी तिचा वृत्तान्त लिहिताना भाषेतून मुलाची वाढ हा विचार मध्यभागी ठेवला. सर्ल याच वातावरणात घडले, तरी ते त्याच्या एक पाऊल पुढे गेले असे मला दिसते. ‘वैयक्तिक वाढ’ या कल्पनेत मूल स्वतःच्या अनुभवाकडे वळते, पण ते लिहिलेले पुन्हा वहीतच राहते आणि शिक्षकाच्या कौतुकाच्या शेऱ्यापाशी थांबते. सर्ल यांनी त्या लेखनाला वाचक मिळवून दिला. ‘स्टेपनी वर्ड्‌स’च्या सुमारे पंधरा हजार प्रती खपल्या. आपल्या ओळी कोणीतरी अनोळखी माणूस दुकानातून विकत घेऊन वाचतो, हे कळल्यावर मुलाचे वाक्याकडे पाहणे बदलते. सर्जनशीलतेच्या चर्चेत कल्पनाशक्तीविषयी पुष्कळ बोलले जाते, वाचकाविषयी फारच थोडे.

नंतर

सर्ल यांना परत घेण्यासाठी दोन वर्षे लागली. शिक्षक संघटना आणि लंडनचे शिक्षण प्राधिकरण त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९७३ मध्ये, मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना व त्यांच्याच हस्तक्षेपानंतर, ते शाळेत परत आले. थॅचर यांची पुढची राजकीय ओळख पाहता हे अनेकांना अनपेक्षित वाटते.

१९७५ मध्ये ॲलन बुलक यांच्या समितीचा अहवाल आला. शाळेचा उंबरठा ओलांडताना कोणत्याही मुलाने आपल्या घरची भाषा आणि संस्कृती बाहेर उतरवून यावे अशी अपेक्षा असू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १९२१ च्या ‘घर आणि रस्ता’ या शब्दांना चोपन्न वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते. स्टेपनीच्या मुलांनी ते चार वर्षे आधी दिले होते.

पुढचा प्रवास मात्र सरळ झाला नाही. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला. १९८९ मध्ये ब्रायन कॉक्स यांच्या समितीने इंग्रजीकडे पाहण्याच्या पाच दृष्टी मांडल्या आणि त्यांत वैयक्तिक वाढीला सांस्कृतिक वारशाच्या शेजारी जागा दिली. १९९३ मध्ये चौदा वर्षांच्या मुलांवर लादलेल्या चाचण्यांवर इंग्रजीच्या शिक्षकांनी बहिष्कार टाकला. १९९८ पासून प्राथमिक शाळांत रोजचा साक्षरता तास मिनिटामिनिटाने आखून दिला गेला. २०१३ पासून अकरा वर्षांच्या मुलांची व्याकरण, विरामचिन्हे आणि शुद्धलेखनाची स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा होऊ लागली. त्याच वर्षी जाहीर झालेल्या नव्या अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत अर्नल्ड यांचे ‘विचारात आणि बोलण्यात आलेले सर्वोत्तम’ हे शब्द परत आले. सोळाव्या वर्षीच्या इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत पुस्तक उघडून उत्तर लिहिण्याची सोय गेली आणि वर्षभराच्या लेखनाला असलेले गुण काढून टाकले गेले. त्यामुळे आज तिथला विद्यार्थीही कवितांच्या ओळी पाठ करतो आणि तयार उत्तरांचे सांगाडे घोकतो. गाइडमधले पत्र आणि गाइडमधला निबंध पाठ करून इंग्रजीचा पेपर सोडवणारी आपल्याकडची मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

व्याकरण शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. स्टेपनीतील मुलांना नोकरीचा अर्ज नीट लिहिता यायला हवा होता, आणि प्रमाण इंग्रजीवर पकड नसती तर त्याचा तोटा त्यांनाच सोसावा लागला असता. सर्ल यांना हे ठाऊक होते. परंतु अकरा वर्षांच्या ज्या मुलीने १९७१ मध्ये ‘पण’ हा शब्द ओळीच्या आरंभी ठेवून एवढे काम करून घेतले, तिच्याच वयाच्या मुलीला आज त्या शब्दाची जात ओळखून चौकटीत खूण करावी लागते. दोन्ही ज्ञाने उपयोगाची आहेत. राष्ट्रीय परीक्षेच्या कागदावर मात्र यांपैकी दुसऱ्या ज्ञानालाच जागा आहे, आणि शाळेचे वेळापत्रक त्या कागदाकडे पाहून ठरते.

सर्ल परत रुजू झाले त्याच वर्षी, १९७३ मध्ये, केबल स्ट्रीटवरच्या सेंट जॉर्जेस टाउन हॉलच्या तळघरात संध्याकाळी एक लेखनगट भरू लागला. सर्ल आणि त्यांचे काही विद्यार्थी तिथे येत, लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवत, आणि स्वतःची छोटी पुस्तके काढत. तळघरावरून त्यांनी आपल्या गटाला बेसमेंट रायटर्स असे नाव दिले. तिथे गुण नव्हते, तास संपल्याची घंटा नव्हती आणि परवानगी देणारी समितीही नव्हती. आजही इंग्लंडमधील अनेक शाळांत मुलांना स्वतःचे काही लिहायचे असेल तर त्यासाठी जागा असते ती दुपारी शाळा सुटल्यानंतर भरणाऱ्या लेखन मंडळात. ज्या मुलांना घरी जाऊन धाकट्या भावंडांना सांभाळायचे असते, ती तिथे थांबू शकत नाहीत.